मोडीत न निघालेले शब्द

दिवाळीच्या अंकात लेखाचा आरंभ 'दिवाळे' या शब्दाने करणे शिष्टसंमत नाही, हे मला ठाऊक आहे. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी एखाद्या पेढीवर हा शब्द कोणी उच्चारला, तर त्याच्या हातावर बत्तासा पडण्याऐवजी त्याला दार दाखवले जाईल. तरीही हे धाडस करतो आहे, कारण या दोन शब्दांचे गोत्र एकच असल्याचे जुने लोक सांगत आले आहेत. सावकाराची पेढी बुडाली की तो भर दिवसा दुकानात दिवा पेटवून ठेवी आणि हिशेबाचा निकाल लागेपर्यंत नजरेआड होई. दुपारच्या उन्हात जळणारा तो दिवा पाहिला की काय समजायचे ते धनकोंनी समजावे. 'हॉब्सन-जॉब्सन' या इंग्रजांच्या जुन्या कोशात ही चाल नोंदलेली आहे, आणि व्युत्पत्तीविषयी वाद आहे हेही तिथेच सांगून टाकले आहे. वाद पंडितांनी घालावा. रात्री ओळीने लागले तर दिवाळी आणि दिवसा एकटाच लागला तर दिवाळे, एवढे मला पुरते.

हे झाले नमन, आणि त्यातच बरेच तेल जळाले. गावच्या खेळाला मशाली आणि पलिते असत, त्या काळची ही म्हण. नमनच इतके लांबायचे की घडाभर तेल तिथेच संपावे आणि खरे सोंग यायचे बाकीच असावे. आता मशालीही नाहीत आणि तेलाचा घडाही नाही. परंतु सभेत एखाद्या वक्त्याने प्रास्ताविकात अर्धा तास घेतला की मागच्या रांगेत कोणीतरी हळूच हे तेल काढतोच. घरातले तांब्याचे पातेले गळू लागले म्हणजे आपण ते मोडीत काढतो. शब्दांचे तसे होत नाही. वस्तू मोडीत जाते आणि तिचा शब्द मात्र कल्हई केल्यासारखा चकचकीत होऊन बोलण्यात वावरत राहतो.

इतिहासाचा विषय निघाला की मराठी माणूस आधी अटकेपार झेंडा लावतो आणि मग त्याचे पानिपत होते. पहिली गोष्ट १७५८ सालची, दुसरी १४ जानेवारी १७६१ ची. दोन्ही शाळेत शिकवतात, म्हणून मी त्यांत फार रमत नाही. मात्र पानिपतची बातमी नानासाहेब पेशव्यांना कशी कळली, ते पाहण्यासारखे आहे. ती आली एका सावकारी पत्रातून. दोन मोत्ये विरघळली, सत्तावीस मोहरा हरवल्या आणि चांदी-तांब्याची तर मोजदादच नाही, अशा आशयाचे ते पत्र होते. मोत्ये म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव. घोड्यावरच्या लोकांचा एवढा मोठा प्रलय सांगायला त्या काळाला पेढीवरची भाषा सर्वांत सोयीची वाटली, याचे मला नेहमी नवल वाटते. पण सराफाची ही भाषा जोखमीचा निरोप पोचवण्यापुरतीच होती असे नाही. ती आपल्या घरोघर शिरलेली आहे.

नावाला बट्टा लागला, असे आपण सहज म्हणतो. हा बट्टा सराफाच्या गादीवरचा. पेशवाईत एकच एक रुपया चालत नसे. अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही, हाली अशी किती तरी टांकसाळींची नाणी बाजारात फिरत. एका मुलखाचे नाणे दुसऱ्या मुलखात न्यावे, तर सराफ ते दगडावर वाजवून पाही, काठ घासला आहे का ते चाचपे, आणि मग त्याच्या किमतीतून काही भाग कापून घेई. ही कपात म्हणजे बट्टा. नाणे खोटे नसे. फक्त ते ज्या किमतीचे म्हणून निघाले, त्या किमतीला ते उरलेले नसे. आता नावाला बट्टा लागणे याचा अर्थ पुन्हा एकदा मनाशी म्हणून पाहा. माणूस खोटा ठरला असे त्यात म्हटलेले नाही. काल बाजारात ज्या भावाने त्याला घेत होते, त्या भावाने आज घेणार नाहीत, एवढेच म्हटले आहे. अब्रूची इतकी अचूक व्याख्या मला अन्यत्र आढळलेली नाही.

पुढे १८३५ साली कंपनी सरकारने एकच रुपया ठरवला, १८० ग्रेन वजनाचा. तोळ्याचेही वजन तेच. म्हणून कित्येक वर्षे सोनाराकडे वजन म्हणून रुपयाच तागडीत पडत असे. सर्वत्र एक नाणे झाले आणि सराफाचा बट्टा गेला. तो आपल्या नावापुरता राहिला. त्या रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, नाही तर बारा पै. 'सोळा आणे खरे' हे बोलताना माणूस पूर्ण रुपया मोजून देत असतो आणि 'पै पै करून जमवले' म्हणताना तो रुपयाचा एकशेब्याण्णवावा भाग चिमटीत धरून असतो. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धती आली, नवे पैसे आले, आणि व्यवहारात रुपयाचे शंभर भाग झाले. पण 'शंभर पैसे खरे' असे कोणी म्हणाल्याचे तुम्ही ऐकले आहे काय? पावली म्हणजे पंचवीस पैशांचे नाणेदेखील ३० जून २०११ ला चलनातून बाद झाले. चार आण्याच्या कोंबडीला बारा आण्याचा मसाला मात्र अजून लागतोच.

तागडीवरून आठवले. 'तो याच्या पासंगालाही पुरणार नाही' या वाक्यातला पासंग हल्लीच्या मुलांना कोठे दिसणार? दोन पारडी रिकामी असताना एक जरा खाली झुकत असेल, तर वरच्या पारड्याला खडा किंवा लोखंडाचा तुकडा बांधून दांडी समतोल करीत. तो तुकडा म्हणजे पासंग. म्हणजे वजन तर नाहीच, तागडीची खोड झाकण्यासाठी बांधलेला एक बिनकिमती खडा. त्या खड्याइतकीही ज्याची योग्यता नाही, तो. शिवी द्यावी तर अशी द्यावी.

मोजमापातला याहून कठोर वाक्प्रचार एकच आहे, आणि तो आपण फार हसतखेळत वापरतो. साहेबांनी बोलावले आणि त्याची पाचावर धारण बसली. परीक्षेचा निकाल लागायचा आणि आमची पाचावर धारण. धारण म्हणजे भाव. हल्ली आपण एका किलोला किती रुपये, असे विचारतो. त्या काळी विचारीत ते एका रुपयाला किती शेर. म्हणून आकडा चढला की स्वस्ताई आणि आकडा उतरला की महागाई. इंग्रजी राजवटीतले सरकारी दरपत्रकही अशाच शेरांत लिहिलेले असे. रुपयाला पाचच शेर धान्य, इथपर्यंत धारण खाली येऊन बसणे म्हणजे काय, हे ज्यांना दिवसाची मजुरी आण्यांत मिळे त्यांना सांगावे लागत नव्हते. त्याचा अर्थ दुष्काळ.

दख्खनने असे दुष्काळ अनेक पाहिले. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात हजारो माणसे गावे सोडून रस्त्याच्या आणि तलावाच्या कामांवर खडी फोडायला गेली. सर रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याने तिथली मजुरी कापून माणशी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे, एवढ्यावर आणली. एक पौंड म्हणजे अर्धा किलोसुद्धा नव्हे, आणि तेवढ्यावर दिवसभर घण मारायचा. पुण्याच्या सार्वजनिक सभेने या मजुरीविरुद्ध सरकारकडे अर्जांवर अर्ज केले. मी या वाक्प्रचाराचा जन्म त्याच दुष्काळात झाला असे म्हणत नाही. तशी मजुरी आणि तशी धारण ज्या लोकांनी भोगली, त्यांच्या छातीतली धडधड त्यात आहे, इतकेच म्हणतो. बाकी भीती दाखवायला मराठीत तोंडचे पाणी पळते, पोटात गोळा येतो, पण त्या झाल्या एकेकट्या माणसाच्या भीती. धारण पाचावर बसते ती सबंध गावाची.

आता बाजारातून घरात येऊ. उखळ पांढरे होणे हा वाक्प्रचार मला लहानपणी फार आवडे. ज्या घरी भात भरपूर, त्या घरी कांडण भरपूर, आणि ज्या उखळात रोज तांदूळ सडला जातो ते कोंड्या-पिठाने आतून पांढरेशुभ्र दिसायचे. गरिबाचे उखळ काळेच. तेव्हा कोणाला अचानक धनलाभ झाला की त्याचे उखळ पांढरे झाले. चित्र सुरेख आहे. परंतु पुढे दुसरा एक शब्दप्रयोग कानांवर येऊ लागला, 'तिने दळण-कांडण करून मुलांना वाढवले', आणि मग हे सुरेख चित्र मला थोडे डोळे चोळून पाहावे लागले. कारण उखळ तेच आहे. नवरा वारला की बाई दुसऱ्याच्या ओसरीवर जाई, दुसऱ्याचा भात कांडी, आणि मूठ-पसाभर तांदूळ, कण्या, कोंडा पदरात घेऊन घरी येई. ज्यांचे उखळ पांढरे होत होते ते माजघरात बसलेले, आणि ज्यांच्या हातांनी ते पांढरे होत होते त्या तळहाताचे घट्टे मोजीत होत्या. एका वाक्प्रचारात मालक बोलतो, दुसऱ्यात मजूर. आणि आपण दोन्ही एकाच दिवशी बोलून मोकळे होतो.

त्या बायकांनी आपले म्हणणे ठेवले ते जात्यापाशी. हेमा राईरकर आणि त्यांचे सहकारी यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी हिंडून बायकांच्या तोंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पिठाच्या गिरण्या आल्या आणि पहाटेचे जाते थांबले. बायकांच्या खांद्यांवरचे ओझे उतरले, हे फार चांगले झाले, त्याविषयी हळहळणाऱ्यांना मी एक पायली ज्वारी दळायला बसवीन. मात्र 'तेच तेच दळण काय दळतोस?' असे जेव्हा कोणी चिडून म्हणतो, तेव्हा त्या दळणाला कंटाळवाणे ठरवणारा माणूस स्वतः दळणारा नव्हता, हे निश्चित. दळणारणीने त्यातून लाखभर ओव्या काढल्या.

घरातले सर्वांत भारी शब्द चुलीभोवतीचे. लग्नकार्यात 'चूलबंद आवतण' देत, म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरची चूल पेटवायचीच नाही, लहानथोर सगळ्यांनी जेवायला यायचे. आणि 'चूल वेगळी झाली' म्हणजे भाऊ भाऊ विभक्त झाले. कायद्याच्या पुस्तकांत हिंदू एकत्र कुटुंब हे अन्न, उपासना आणि मालमत्ता या तिन्हींत एकत्र असते असे धरतात, आणि चूल वेगळी झाली एवढ्यावरून वाटणी झाली असे कोर्ट मानत नाही. जनगणना करणारा सरकारी कारकून मात्र अजूनही एका स्वयंपाकावर जेवणारे ते एक कुटुंब, असेच मोजतो. म्हणजे कोर्टाला सातबारा पाहावा लागतो. कारकुनाचे आणि शेजाऱ्यांचे मत धुरावर ठरते.

आमच्या घरी चूल वेगळी झाली ती मी दहा वर्षांचा असताना. वडील आणि काका यांच्यात नेमके काय बिनसले ते आम्हां मुलांना कोणी सांगितले नाही. पितळेची भांडी समोरासमोर मांडून वाटली गेली, आणि मागच्या पडवीत काकूंसाठी नवी चूल घालायचे ठरले. ती चूल आजीने घातली. माती, भुसा कालवून, वैलासकट, जशी जुनी होती तशीच. दोन दिवस ती वाळली, मग तिला सारवून, हळदकुंकू लावून त्यावर दूध उतू घातले. त्यानंतर वडील आणि काका एकमेकांशी बोलेनासे झाले, आणि गावात लोक म्हणू लागले की या दोघांमधून विस्तव जात नाही.

हा वाक्प्रचार ज्या काळी घडला, तेव्हा काडेपेटी घरोघर नव्हती. सकाळी ज्याची चूल विझलेली असे, तो शेजाऱ्याकडून निखारा आणी. विस्तव नाही म्हणणे हे पाणी नाही म्हणण्याइतकेच वाईट. दोन घरांत विस्तवाचीही देवघेव उरली नाही, म्हणजे वैराची परिसीमा झाली. आजीच्या कानांवर हे बोलणे गेले असावे. दुसऱ्या दिवसापासून ती पहाटे उठे, आमच्या चुलीतला निखारा शेणीच्या तुकड्यावर घेई, तो वाऱ्याने विझू नये म्हणून पदराचा आडोसा धरी आणि अंगण ओलांडून पडवीतल्या चुलीत नेऊन टाकी. काकूंच्या कोनाड्यात काडेपेटी होती. "आजी, तू कशाला गं रोज हे करतेस?" असे मी एकदा विचारले. ती म्हणाली, "माझ्या लेकांतून विस्तव जात नाही असं कुणाला म्हणता यायचं नाही. मी नेते ना."

ती असेपर्यंत हे चालले. पावसाळ्यात शेणी ओल्या असत, तेव्हा खापरावर नेई. भाऊ शेवटी बोलू लागले ते तिच्या तेराव्याला, आणि तेही लाकडांचा हिशेब करण्यासाठी. पण गावातले ते बोलणे तिने कित्येक वर्षे अक्षरशः खोटे पाडले होते. आजच्या शहरी घरांत चूल वेगळी करायची म्हणजे रेशनकार्ड वेगळे काढायचे आणि गॅसचे दुसरे कनेक्शन घ्यायचे. त्यात आजीला करण्यासारखे काम उरत नाही.

घरातून निघून शेवटी चावडीवर जायला हवे, कारण मला सर्वांत अस्वस्थ करणारा वाक्प्रचार तिथला आहे. कुठे संप झाला, बस बंद राहिल्या, की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात मथळा येतो: संपकऱ्यांनी प्रवाशांना वेठीस धरले. वेठ हा शब्द संस्कृतातल्या 'विष्टि'चा वंशज, म्हणजे निदान दीड-दोन हजार वर्षांचा; जुन्या ताम्रपटांत तो सापडतो. त्याला फारशीतले 'बेगार' जोडून मराठी राजवटीच्या कागदपत्रांत 'वेठबेगार' झाले. राजा एखाद्याला इनाम देई तेव्हा वेठबेगार माफ असे मुद्दाम लिहून देई, यावरून बाकीच्यांना ती माफ नव्हती हे उघड आहे. अंमलदाराचा मुक्काम हलला की त्याचे सामान एका गावाहून पुढच्या गावापर्यंत डोक्यावर न्यायचे, सरपण फोडायचे, घोड्याला चारा आणायचा, रात्री-अपरात्री टपाल घेऊन पळायचे, आणि मजुरी मागायची नाही. ज्याला हाक मारली तो वेठीस धरला गेला.

हा भार कोणाच्या डोक्यावर होता, हे गावात कोणाला विचारावे लागत नसे. महारांचे वतन म्हणजे जमिनीचा एक लहान तुकडा आणि त्याच्या बदल्यात सरकारची व गावाची अष्टौप्रहर चाकरी. बोलावणे आले आणि वतनदार घरी नसला, तर घरातल्या दुसऱ्या कोणी तरी जायलाच हवे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात या वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. ते त्या वेळी पार पडले नाही. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदाने बिगार गुन्हा ठरवली, आणि या प्रकाराला इंग्रजीत नेमका शब्द नसल्यासारखा इंग्रजी मसुद्यातही 'बेगार' हा आपला शब्दच तसाच ठेवला आहे. कनिष्ठ गाववतने रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदा त्यानंतर, १९५८ साली झाला.

आता मथळा पुन्हा वाचावा. वेठीस धरणारा नेहमी बलवान असे आणि धरला जाणारा विनामजुरीचा मजूर. आज मजुरीसाठी काम थांबवणाऱ्यालाच आपण 'वेठीस धरणारा' म्हणतो. संपामुळे मीही स्टँडवर रात्र काढलेली आहे; हाल होतात, राग येतो, आणि तो बोलून दाखवायला मराठीत शब्दांचा तुटवडा नाही. अडवणूक म्हणावे, कोंडी म्हणावे. पण वेठ हा शब्द ज्यांच्या पाठीवरून इथवर आला, त्यांच्याच नातवंडांवर तो उलटा फिरवताना हात थोडा थबकावा, असे मला वाटते. भाषेत अर्थ बदलतात, हा नियम मला मान्य आहे. मात्र बट्टा किंवा पासंग यांचा अर्थ बदलताना कोणाचे काही गेले नव्हते.

नवे वाक्प्रचार घडणे थांबले आहे अशी तक्रार काही वयस्कर मंडळी करतात, तीत अर्थ नाही. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली आणि थोड्याच काळात आपल्या संसाराची गाडी रुळावर येऊ लागली, घसरू लागली. गार्डाच्या हातातला हिरवा कंदील आता मंत्र्यांच्या हाती गेला आहे. प्रत्येक योजनेला ते तो दाखवीत असतात. 'तार आली' या दोन शब्दांनी घरातल्या बाया रडायला लागत, ती तार जुलै २०१३ मध्ये बंद झाली, आणि त्यापूर्वीच ती भिण्याजोगी उरली नव्हती. आपण फोन 'ठेवतो', वास्तविक तो ठेवायची खुंटी वा घोडी कुठेही नसते. तो खिशातच असतो.

परवा वर्तमानपत्र मोठ्याने वाचताना पाणीपुरवठ्याच्या योजनेला हिरवा कंदील मिळाल्याची बातमी आली, तेव्हा माझ्या नातीने विचारले, "आजोबा, त्यांच्याकडे हिरवाच का? आपण तर या वर्षी केशरी आणलाय." मी तिला गार्ड, गाडी, रात्रीची फलाटावरची खूण, सगळे सांगितले. तिने ते शांतपणे ऐकून घेतले आणि आकाशकंदिलाची दोरी माझ्या हातात देऊन ती स्टूल आणायला आत गेली.